आधी नाव, मग कात्री

कामोठ्यात कुठल्याही सेक्टरमधल्या मेडिकलसमोर संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. कुणीतरी येतं, "घसा धरलाय, अंगात कणकण आहे," म्हणतं. अँटिबायोटिकच्या दहा गोळ्यांची स्ट्रिप निघते, कात्री चालते, तीन गोळ्यांचा तुकडा पाकिटात पडतो. चिठ्ठी मागितली जात नाही, बिल दिलं जात नाही. तुकड्याच्या पाठीवर नावाची शेवटची दोन अक्षरं, एमआरपीचा अर्धा आकडा आणि लाल रेघेचा तुकडा. औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी उरलेल्या सात गोळ्यांबरोबर दुकानातच राहतं.

माझा राग त्या कात्रीवर आहे.

अँटिबायोटिकने पोट बिघडतं, पुरळ उठतं, हे सगळ्यांना माहीत असतं. रक्तावरचा परिणाम क्वचित होतो, म्हणून तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की प्लेटलेट घसरू शकतात. म्हणूनच ते चालू असताना दर आठवड्याला सीबीसी करायला सांगतात. एमडीआर टीबीच्या रुग्णांना तर ते महिनोन्महिने घ्यावं लागतं. हृदयाची झडप बदललेल्या माणसाने वॉरफेरिन चालू असताना जुलाबावर परस्पर मेट्रोनिडाझोल घेतलं, तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी लघवीच्या जंतुसंसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटोइनने फुटू शकतात. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते. आणि सर्रास टोचलं जाणारं सेफ्ट्रिॲक्सोन? फार विरळा, पण त्यानेही शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडू लागतं. आधी हेच इंजेक्शन घेतलेल्या, विशेषतः सिकलसेल असलेल्या मुलांच्या ते जिवावर बेतलं आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची किती घरं आहेत, हे काय वेगळं सांगायला हवं?

सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे. क्लोरॅम्फेनिकॉल 1949 मध्ये बाजारात आलं आणि विषमज्वराने मरणारी माणसं उठून बसू लागली. पण साधारण पंचवीस ते चाळीस हजार रुग्णांत एकाच्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणंच थांबवलं. तेही कित्येकदा औषध संपल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी. तोवर पाकीट कधीच कचऱ्यात गेलेलं असतं.

पावसाळ्यात कामोठ्यात प्लेटलेट पडल्या की घरचे डेंग्यू म्हणतात आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. बहुतेक वेळा डेंग्यूच असतो. पण तपासणी निगेटिव्ह आली, आकडा तरी खालीच, मग डॉक्टर विचारतात, "काका, मधे कुठली गोळी घेतली होती?" उत्तर येतं, "ती पांढरी, लांबट." एवढ्यावर डॉक्टरांनी काय ओळखायचं? संशयित औषध थांबवणं हाच पहिला उपचार असतो, आणि संशय घ्यायलाही नाव लागतं.

कागदावर बंदोबस्त चोख आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मधल्या औषधांसाठी, म्हणजे कित्येक अँटिबायोटिकसाठीही, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहिलेली नोंदवही तीन वर्षं जपावी लागते. 2016 मध्ये चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधांच्या पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम झाली. 1 ऑगस्ट 2023 पासून तीनशे ब्रँडना क्यूआर कोड आला. दुष्परिणाम कळवायला 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे; 1800-180-3024 वर रुग्णालाही फोन करता येतो. तिथेही औषधाचं नाव आणि बॅच नंबर विचारतात. अन्न व औषध प्रशासनाने दुकानात परवाना बघावाच, पण बिलाशिवाय किती अँटिबायोटिक विकली गेली, हेही बघावं.

तोवर आपण एवढं करू. पैसे द्यायला फोन हातात असतोच. "दादा, कापण्याआधी स्ट्रिपचा फोटो काढू दे," म्हणायचं आणि बिल मागून घ्यायचं. नडगीवर दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळपट तपकिरी लघवी किंवा अचानक पांढरा पडलेला चेहरा दिसला, तर तो फोटो घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एमजीएमसारखं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय कामोठ्यातच आहे, लांब जायला नको. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, त्यातून टीबीची, हा लेख वाचून परस्पर बंद करू नका. आधी त्यांना फोन करा.