फुल आणि हाफ

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, हे मी हल्ली चारचौघांत सांगत नाही. नांदूरमध्यमेश्वरला पहाटे पक्षी टिपायला आलेल्यांच्या गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या की पहिला प्रश्न येतो, "फुल फ्रेम का?" मुलगी दाखवायच्या आधी "नोकरी पर्मनंट का?" विचारावं, त्या सुरात. "नाही, क्रॉप," म्हटलं की समोरचा "असू दे, असू दे" म्हणून सांत्वन करतो. खानगाव थडीच्या एका काकांनी मात्र हे ऐकून आस्थेनं विचारलं होतं, "क्रॉप कशाचं? द्राक्षं का कांदा?"

हिशेब साधा आहे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, माझा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. गंगापूर रोडला प्लॉट बघितलेल्या माणसाला यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

मला धीर दिला तो दादासाहेब फाळक्यांनी. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसानं १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. ही फिल्म कॅमेऱ्यात उभी धावायची आणि एकेक चौकट जेमतेम २४ बाय १८ची. पुढे जर्मनीत ऑस्कर बर्नाकनं तीच फिल्म आडवी धाववली, चौकट दुप्पट झाली आणि १९२५ साली लायका बाजारात आला. मोठमोठ्या काचेच्या प्लेटा वापरणाऱ्यांच्या लेखी तो 'मिनिएचर' कॅमेरा! म्हणजे आजचा फुल तेव्हाचं शेंबडं पोर, आणि फाळके थेट माझ्या भावकीतले.

हे सगळं मी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, फाळके स्मारकासमोरच मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "दादासाहेबांचा हरिश्चंद्र उडून जात नव्हता."

मित्र फुल फ्रेमवाला. त्यासाठी त्यानं जुन्या लेन्सा विकल्या, वहिनींशी आठवडाभर अबोला सोसला. उजेड उतरला की त्याचं पारडं जड होतं, हे मान्य करायलाच हवं. रामकुंडावर संध्याकाळी दोघांनी दिवे टिपले, तर त्याच्या फोटोत काळोख मखमली. माझ्यात गोदावरीवर कुणी रवा सांडलाय.

पण पक्षी? एकदा नांदूरमध्यमेश्वरला धरणाच्या पाण्यावर चक्रवाकांची जोडी उतरली. दोघांकडे ४०० मिलिमीटरच्याच लेन्सा. माझ्या सेन्सरनं कडा छाटल्यामुळे मला ती ६००नं काढल्यासारखी दिसत होती, नराच्या गळ्यातल्या काळ्या कंठीसकट. मित्राच्या फोटोत पाणी होतं, पाणकणसं होती, पलीकडचा ऊस होता, आणि मध्ये कुठेतरी मसुरीच्या डाळीचे दोन दाणे.

परतताना मिसळ खायला थांबलो. रस्सा येईपर्यंत मित्र लॅपटॉप उघडून बसला आणि त्या दोन दाण्यांभोवतीचं पाणी, पाणकणसं, ऊस कापत सुटला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही रे," तो मान वर न करता पुटपुटला, "जरासं क्रॉप करतोय."

मी त्याच्यासाठी फुल मिसळ सांगितली. माझी हाफ.