किल्ल्या जप्त

फेब्रुवारी २०११. अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावरून रात्री जगजाहीर झालं, की बिअरच्या आणखी बाटल्या सापडल्यात आणि आम्ही प्यायला बसलो की रीतसर पितो! कर्मचारी बाईंनी स्वतःचं खातं समजून संस्थेच्या खात्यावर लिहिलं होतं. रक्त गोळा करणारी संस्था ती. आपल्याकडे एव्हाना चौकशी समिती बसली असती. रेड क्रॉसने ट्वीट काढलं आणि काढल्याचं सांगूनही टाकलं, वर खुलासा: संस्था शुद्धीवर आहे, किल्ल्या जप्त केल्यात. लोक हसले. त्या बिअरच्या चाहत्यांनी तर देणग्या दिल्या.

आता आमचा मिक्सर. तीन आठवड्यांत जळाला. कंपनीच्या पानावर काळ्याठिक्कर मोटरचा फोटो टाकला. चार मिनिटांत उत्तर: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया इनबॉक्समध्ये या.' गेलो. तिथे तक्रार क्रमांक मागितला. तो फोनवर मिळतो, आणि फोनवर बासरी वाजते. (वाजवतो बरा, हे कबूल.) तासाभराने परत पाहिलं, तर माझा फोटो गायब आणि वर चटणीची नवी रेसिपी. खाली प्रश्न: 'आमची सेवा कशी वाटली?' पुढे पाच तारे, आधीच पिवळे केलेले.