डार्लिंग, खिडकी बंद!

कॅरिबियन बेटांवर स्वस्तात जायचं असेल तर सप्टेंबरात जावं, आणि स्वस्त का, ते तिकीट काढून झाल्यावर विचारावं. आमच्या साडूभाऊंनी आधीच विचारलं. ते बँकेतून निवृत्त झालेत. ‘सवलत’ हा शब्द दिसला की त्याच्याखालचं बारीक अक्षर शोधायची त्यांची खोड काही गेली नाही. ते अक्षर सापडलंच. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. आमचं विमान त्याच आठवड्यातलं.

“म्हणजे पंचांग बघूनच निघालोय की आपण,” ताई म्हणाल्या. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका.

बेत क्रिकेटचा होता, म्हणून बार्बाडोस. सोबर्स तिथले, वीक्स-वॉरेल-वॉलकॉट हे तिघेही तिथलेच. १९७१ च्या दौऱ्यात तिथेच भारताची ६ बाद ७० अशी दैना झाली असताना दिलीप सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना हाताशी धरून १५० काढल्या होत्या. त्या कसोटीबद्दल साडूभाऊ अशा थाटात बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, सातव्या क्रमांकावर पॅड बांधून हेच बसले होते. शिवाय २९ जून २०२४ ला केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकल्यावर रोहित शर्मानं खेळपट्टीची माती चिमटीनं उचलून तोंडात टाकली होती. ती जागा साडूभाऊंना प्रत्यक्ष पाहायची होती. चाखायची नव्हती, त्यांचं पोट नाजूक आहे.

हिला मात्र त्या विजयापेक्षा त्यानंतरचे दिवस लख्ख आठवत होते. बेरिल नावाचं चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद झाला, आणि जगज्जेता संघ बेटावर अडकून पडला.

“त्यांना आणायला खास विमान गेलं, भाऊजी. आपल्याला आणायला कोण येणार?”

“म्हणून तर विमा,” साडूभाऊ म्हणाले.

इथे त्यांच्या बँकेतल्या नोकरीचं चीज झालं. चक्रीवादळासाठीच्या प्रवासविम्यात खरी अट एकच असते: वादळाचं बारसं व्हायच्या आत विमा काढलेला हवा. एकदा नाव पडलं की ते ‘माहीत असलेलं संकट’ ठरतं, आणि माहीत असलेल्या संकटाचे पैसे कोणी देत नाही. बातम्यांत ढगांची चकली दिसली की लोक विम्याच्या कचेरीत फोन करतात, तेव्हा वेळ गेलेली असते. साडूभाऊंनी तिकिटं काढली त्याच दुपारी विमाही उतरवला. अटलांटिकमधली वादळं माणसांची नावं घेतात, एक बाईचं, एक पुरुषाचं, अशी आळीपाळीनं. सहा याद्या सहा वर्षांत फिरून येतात. फारच नासधूस केलेल्या वादळाचं नाव यादीतून कायमचं काढतात, म्हणजे ते निवृत्त होतं. “पेन्शनशिवाय,” असं साडूभाऊंनी सहानुभूतीनं नोंदवलं.

वादळाच्या बाबतीत आमच्यात अधिकारी पुरुष तेच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं तेव्हा ते श्रीवर्धनच्या घरी होते. वाडीतल्या सुपाऱ्या आणि नारळ आडवे झाले, पत्रे उडाले, आणि साडूभाऊ माजघरात पाटावर बसून राहिले. तेव्हापासून कुठे वारा सुटला की लोक त्यांच्याकडे बघतात. निदान त्यांना तरी तसं वाटतं.

बेट निवडतानाही त्यांनी अक्षांश तपासले होते. अरुबा, बोनेर, कुरसाव ही डच बेटं आणि त्रिनिदाद दक्षिणेकडे, दक्षिण अमेरिकेला चिकटून आहेत. वादळांचा मुख्य रस्ता बहुतेक वेळा त्यांच्या उत्तरेकडून जातो. सुरक्षितपणाच हवा असेल तर शहाण्यानं तिकडे जावं. पण कुरसावला सोबर्स जन्मले नाहीत, त्याला काय करणार? बार्बाडोस या बेटांच्या माळेपासून सुटून पूर्वेला एकटंच बसलंय, आणि पुष्कळ वादळं त्याला वळसा घालून उत्तरेकडे जातात. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट चक्रीवादळ आलं ते २०२१ चं एल्सा. हे ऐकून हिला हायसं वाटलं. पण ग्रेनाडाचे लोकही स्वतःला असेच वादळाच्या पट्ट्याबाहेरचे समजत होते. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन आलं आणि तिथल्या दहातल्या नऊ घरांची मोडतोड करून गेलं. हे मी हिला सांगितलं नाही. विमानात बसल्यावर साडूभाऊंनी सांगितलं.

आमचं गेस्ट हाऊस दक्षिण किनाऱ्यावर ऑइस्टिन्सजवळ होतं. मालकीणबाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘डार्लिंग’ म्हणायच्या. दारात पाऊल ठेवताच त्यांनी साडूभाऊंना “ये डार्लिंग, बॅग दे इकडे” म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द साडूभाऊंच्या कानावर पहिल्यांदाच पडला असावा. ते तिथेच उंबऱ्यात थांबले. ताईंनी बॅग स्वतः उचलली.

त्या बॅगेत काय नव्हतं? विजेरी, शिट्टी, मेणबत्त्या, भडंग, मेतकूट, पासपोर्टच्या नकला (धुतलेल्या दुधाच्या पिशवीत, वर रबर लावून) आणि रुंद चिकटपट्टीची सहा बंडलं. चिकटपट्टी खिडक्यांच्या काचांवर फुली मारायला. मालकीणबाईंनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“याचं काय करणार, डार्लिंग?”

साडूभाऊंनी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की फुली मारल्यानं काच फुटायची थांबत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात. काच वाचवायची तर बाहेरून लाकडी झडपा लावायच्या, नाहीतर प्लायवूड ठोकायचं. उरलेल्या पट्टीनं भेटवस्तू बांधाव्यात.

साडूभाऊंनी मग ठेवणीतला मुद्दा काढला: वादळात वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी किंचित उघडी ठेवायची, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि घर वाचतं. हे त्यांनी श्रीवर्धनला केलं होतं.

“आणि छप्पर?”

“गेलं.”

“खिडकी बंद, डार्लिंग! सगळ्या बंद!”

त्यानंतर आवारातल्या बाकावर बसून त्या दोघांचं छप्पर या विषयावर जे संभाषण झालं, तसं मनापासूनचं बोलणं मी साडूभाऊंना नात्यातल्या कोणाशी करताना पाहिलेलं नाही. वारा छपराला वरून दाबत नाही, तो त्याला वर खेचतो. एक खिडकी फुटली की तो आत शिरतो आणि खालूनही रेटायला लागतो. मग वरचा आणि खालचा मिळून छप्पर उचलून नेतात. म्हणून वासे भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी आवळायचे. दोन पाखी छपरापेक्षा चारही बाजूंनी उतरतं छप्पर वाऱ्याला कमी दाद देतं. रस्त्याकडेची छोटी लाकडी घरं मालकीणबाईंनी बोट करून दाखवली. ती नुसत्या दगडांवर टेकवलेली असतात. मळ्यातल्या मजुरांचं घर स्वतःचं असे, जमीन मळेवाल्याची. हाकललं तर घर उचलून दुसरीकडे नेता यावं म्हणून पाया खणायचाच नाही. साडूभाऊ बराच वेळ त्या घरांकडे बघत राहिले. “आमच्याकडे कुळकायदा आला,” एवढंच म्हणाले. ते भाषांतर करून सांगायला मला जमलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आफ्रिकेतून बातमी आली. या हंगामात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हवेच्या लाटा एकामागून एक अटलांटिकमध्ये उतरतात, वर्षाकाठी साधारण साठ. बहुतेक वाटेतच विरतात, पुष्कळदा सहाराची कोरडी धुळकट हवाच त्यांना मारते. थोड्याच मोठ्या होतात. जिचं वादळ होऊ शकेल अशा लाटेला मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर टक्के देतं: पुढच्या दोन दिवसांत वादळ होण्याची शक्यता इतकी, सात दिवसांत इतकी. चाळीसच्या खाली पिवळा रंग, साठपर्यंत नारिंगी, साठच्या वर लाल.

“साठला फर्स्ट क्लास,” ताईंनी ताबडतोब ओळखलं.

आमची लाट तीसवर होती. हा अंदाज दिवसातून चारदा येतो: आठ, दोन, आठ, दोन. साडूभाऊ रात्री दोनचा गजर लावायचे. पहाटेच्या काळोखात शेजारच्या खोलीतून “चाळीस!” अशी हाक यायची आणि पाठोपाठ ताईंचा आवाज, “झोपा आता, पन्नास झाले की उठवा.” ओव्हलवर आम्ही गेलो, रोहितची जागाही पाहिली, पण साडूभाऊंचा एक डोळा मोबाइलवर. सरदेसाईंच्या १५० धावांपेक्षा त्यांना आता त्या लाटेच्या पन्नास टक्क्यांची काळजी होती.

मालकीणबाईंची तयारी मात्र जून उजाडायच्या आधीच झालेली असते. त्यांच्या कपाटात एक फळी फक्त वादळाची: डबाबंद मांस, कडक बिस्किटं, बॅटरीवरचा रेडिओ, रोख पैसे (वीज गेली की कार्ड चालत नाही), औषधं, आणि रमची बाटली, जिचा उपयोग त्यांनी सांगितला नाही. लाट पन्नासवर गेल्यावर त्यांनी पेट्रोल भरून आणलं आणि आम्हाला न्हाणीघरातला टब भरायला लावला. पिण्यासाठी नव्हे, पाणी गेलं तर संडासात ओतायला. साडूभाऊंना त्यांनी नकाशावरचा फुगत जाणारा शंकूही नीट शिकवला. साडूभाऊंचा समज असा की शंकूच्या आतले बुडतात आणि बाहेरचे तरतात. तसं नसतं. शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठे जाईल तेवढंच सांगतो, आणि तीनातल्या एका वेळी केंद्र त्याच्याही बाहेर जातं. वादळ स्वतः तर शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. पहिली ते पाचवी ही जी श्रेणी सांगतात ती निव्वळ वाऱ्याची; माणसं मारतं ते बहुतांशी पाणी. आणि भर वादळात वारा एकाएकी पडला, ऊन आलं, तर बाहेर जाऊन फोटो काढायचे नाहीत. तो डोळा असतो. थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं परत येतो.

हे सगळं ऐकून ही म्हणाली, “मग पळायचं कधी?” हाच खरा प्रश्न होता. उत्तर साधं आहे: विमानं चालू आहेत तोवर. धोका साठ-सत्तर तास दूर असताना जायचं की राहायचं ते ठरवून मोकळं व्हायचं. ४८ तासांवर ‘वॉच’ लागतो, ३६ तासांवर ‘वॉर्निंग’, आणि तोवर सगळ्या बेटाला विमानतळाची आठवण झालेली असते. एवढी मुदत देऊन येणारी संकटं थोडीच. १५०२ साली कोलंबसानं आभाळ बघून सांतो दोमिंगोच्या गव्हर्नराला सांगितलं होतं, वादळ येतंय, मला बंदरात घ्या आणि तुमचा ताफा थांबवा. गव्हर्नर ओवांदोनं दोन्ही गोष्टी नाकारल्या. सुमारे तीस जहाजांचा ताफा निघाला आणि त्यातली बहुतेक बुडाली. कोलंबसाची चार वाचली. त्याचं स्वतःचं सोनं ज्या गळक्या जहाजावर लादलं होतं, तेही नेमकं सुखरूप स्पेनला पोचलं.

आमची लाट साठला पोचली आणि उत्तरेकडे वळली. ‘वॉच’सुद्धा लागला नाही. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर सुटकेबरोबर थोडी निराशाही होती, असं मला वाटलं. तिच्या शेपटाचा पाऊस तेवढा आला, तोही सकाळी आम्ही किनाऱ्यावर असताना. मी आणि या दोघी बहिणी धावत एका टपरीत शिरलो. साडूभाऊ कुठे दिसेनात. पाहतो तर ते जरा लांब एका डेरेदार झाडाखाली निवांत उभे. बुंध्याला छान तांबडा पट्टा मारलेला.

टपरीवाला ओरडत बाहेर धावला. ते मँचनील होतं. त्याचा चीक अंगावर पडला की फोड येतात, आणि पावसात पानांवरून तोच चीक गळतो. फळ हिरव्या सफरचंदासारखं, वास गोड, खाल्लं तर हॉस्पिटल. किनाऱ्याची वाळू धरून ठेवतं म्हणून तोडत नाहीत, तांबडा पट्टा मारून सोडून देतात.

“अहो, पट्टा दिसला नाही का तुम्हाला?” ताई.

“दिसला ना! मला वाटलं, बांधकाम खात्याचा गेरू आहे.”

साबणानं खसाखसा धुऊन, डॉक्टरांकडे नेऊन, मान आणि दोन्ही दंडांवर गुलाबी कॅलामाइन थापून आम्ही त्यांना परत आणलं. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. फक्त वादळाच्या फळीवरची ती बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे तळतात. सगळं बेट तिथे लोटतं, धूर, गाणी, लांब लाकडी टेबलं. मक्याचं पीठ भेंडी घालून घोटतात, त्याचं नाव कूकू, आणि त्याबरोबर उडता मासा. ताईंनी दोनदा घेतलं. साडूभाऊंच्या गुलाबी मानेकडे बघून अनोळखी माणसं थांबत होती, मान हलवत होती, झाडाचं नाव घेत होती. एका कोळ्यानं तर आपल्या ताटातला मासाच उचलून त्यांच्या ताटात घातला. टेबलाभोवती घोळका जमला. बेरिलनं २०२४ ला बेटावरच्या मासेमारीच्या पुष्कळ होड्या आपटून फोडल्या, घोळक्यातल्या काहींच्या होड्या त्यात होत्या.

साडूभाऊंनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, “तर मंडळी, ३ जून २०२०. आमच्या श्रीवर्धनला...”

ताईंनी कोपरानं ढोसलं. “अहो, ते राहू द्या. वादळ या सगळ्यांनी बघितलंय. झाडाचं सांगा.”