थोरली पाती, धाकटी पाती

आमच्या नात्यात एक फिरतं पाकीट असे. धारच्या मावशीकडून निघायचं, देवासला आमच्याकडे यायचं, मग उज्जैन, पुणे करत पुन्हा धारला. पाकीट आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि आठ दिवसांत पुढे धाडायचं. आठ दिवस फक्त नियमात. एकदा उज्जैनला पाकीट गव्हाच्या कोठीमागे पडलं आणि बारशाची बातमी पुण्याला पोचली तेव्हा मूल रांगत होतं.

बंगळुरूला संगणकात असलेला पुतण्या हे ऐकून म्हणाला, "काका, ही तर मेलिंग लिस्ट!"

फावल्या वेळात तो ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो, तिथली मंडळी वर्षानुवर्षं अशीच बोलत. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांच्या घरी. लिनक्सच्या गाभ्याचं काम आजही बरंचसं असंच चालतं. दुरुस्ती साध्या मेलमधून पाठवायची, बाकीच्यांनी तिच्या ओळींच्या मधे मधे शेरे मारायचे. उत्तर वर लिहावं की खाली, यावरून म्हणे हमरीतुमरी होते. मला नवल वाटलं नाही. मावशी कागद भरला की समासात आडवं लिही, तोही भरला की उलटं. कागद गरागरा फिरवत वाचावं लागे, आणि कुणाचं लग्न ठरलं ते नेमकं त्या उलट्या ओळीत.

पुतण्याच्या मंडळींनी आता फोरम घेतलंय. त्यासाठीचं डिस्कोर्स नावाचं सॉफ्टवेअर 2013 साली निघालं. पायथॉनसारखी जुनी घराणीही आपली चर्चा तिकडे घेऊन गेली. इथे पाकीट घरी येत नाही, आपण ओसरीवर जायचं. विषयवार कप्पे, आवडलं तर बदाम, नियमित आलात तर बिल्ला. भलत्या कप्प्यात लिहिलंत तर व्यवस्थापक तुमचं लिखाण उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. मावशीच्या एका परिच्छेदात गुडघा, बाफल्यांचं पीठ, शेजारणीची सून आणि गव्हाचा भाव असे. तिची चार कप्प्यांत वाटणी करणारा व्यवस्थापक मला बघायचाय.

तरी नव्याची सोय मी नाकारत नाही. चार महिन्यांनी आलेल्याला मागचं सगळं एका जागी सापडतं. आमच्या पाकिटात मात्र जुनं पत्र ज्याचं त्याने काढून घेतलेलं. पण ज्याने ते ट्रंकेत जपलं, त्याच्याकडे ते आहे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये आमच्या देवासच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याने घरी पाठवलेली पत्रं घरच्यांनी ठेवली, म्हणून 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक होऊ शकलं. ओसरीवरच्या गप्पा ओसरीच्या मालकाच्या. त्याने वाडा विकला की संपलं.

पुतण्याच्या प्रकल्पातली जुनी खोडं ओसरी चढायला तयार नाहीत, म्हणून फोरमवरचं सगळं त्यांना मेलने पोचतं आणि ते मेलनेच उत्तर देतात. नवी पोरं फोनवर बदाम देत बसतात. बोलणं एकच, कारभार दोन. देवासकराला यात काय नवल? थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन पवार राजे एकाच गावात नांदले. मुख्य रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. दिवाबत्ती वेगळी, पाण्याची व्यवस्था वेगळी. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारत राज्यात विलीन झाल्या, पण म्हातारी माणसं पुढेही पत्ता सांगताना आधी पाती सांगत.

यंदा दिवाळीत पुतण्याने घरच्यांसाठीही फोरम उघडलं. मावशी ऐंशीच्या पुढची, पण नातीकडून फोनवर सगळं घालून घेतलं आणि कुणाच्या तरी फराळाच्या फोटोला बदाम दिला. संध्याकाळी तिचा मला फोन.

"अरे, पहिल्या बदामाबद्दल मला बिल्ला मिळालाय असं लिहून आलंय."

"अभिनंदन, मावशी."

"ते असू दे. पत्ता धारचाच दिलाय ना त्याने? नाहीतर उज्जैनला पडून राहायचा."