डावा खिसा

इंदापुरातल्या एका निवृत्त गुरुजींच्या सदऱ्याला दोन खिसे आहेत. उजव्यात घराची किल्ली आणि एसटीच्या सवलतीचं कार्ड. तो त्यांचा स्वतःचा. डावा लोकांचा. त्यात सेफ्टी पिना, सुईदोरा, सुतळी, दोन पेनं, लवंगा, लिमलेटच्या गोळ्या आणि काटा काढायचा चिमटा. या ऐवजाच्या वजनानं सदरा एका अंगाला असा ओढला जातो, की गुरुजी कायम कुणाचं तरी ऐकायला झुकल्यासारखे दिसतात.

ही रीत त्यांनी काढलेली नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, बारामती-इंदापूरकडे पुढं उसाचे मळे उभे राहिले. पण त्याआधी आणि त्यानंतरही माळावर राज्य बाभळीच्या काट्यांचंच. म्हणून मेंढरांमागे हिंडणाऱ्याच्या करदोड्याला चिमटा आणि कानकोरणं लटकलेलं असे. बायकांच्या लुगड्याला खिसा नव्हता, म्हणून कनवटीला पैसा आणि बांगडीत पिनांचा झुबका. लग्नघरात कुणाचा पदर सुटला की चार हात एकदम आपापल्या बांगड्यांकडे जातात. ही पिन घडवणाऱ्या न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं १८४९ मध्ये तिचं पेटंट अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकलं, तेही म्हणे किरकोळ देणं फेडायला. जगाचे पदर सावरणाऱ्याचा स्वतःचा खिसा फाटकाच राहिला.

पण परोपकाराची एक गंमत आहे: त्याला गरजू लागतो. गुरुजी स्टँडवर बसले की त्यांची नजर गाड्यांच्या पाट्यांवर नसते, लोकांच्या चपलांवर असते. कुणाचं अमंगळ चिंतावं असा त्यांचा स्वभाव नाही. तरी एखाद्याचा अंगठा तुटला की त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा येते, तिला निव्वळ हळहळ म्हणता येणार नाही. पहिल्या सरीला पेरणी आटोपून बसलेल्या शेतकऱ्याची ती कळा असते.

म्हणूनच आषाढी वारी हा त्यांचा सुगीचा काळ. नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा देहूहून निघतो, बारामतीवरून बेलवाडीचं रिंगण करत निमगाव केतकीमार्गे इंदापुरात येतो, आणि एवढ्या वाटेत चपला, टाचा, पिशव्यांचे बंद, सगळं एकदम जेरीला येतं. "माउली, थांबा जरा, काढू का काटा?" म्हणत गुरुजी रस्त्याकडेला बसकण मारतात आणि अनोळखी पाऊल बेलाशक मांडीवर घेतात. तो वारकरीही संकोचत नाही. एरवी सख्ख्या भावापुढं पाय करायला आपण लाजू; इथं पाय देणाराही माउली, घेणाराही माउली, मग उपकार कुणाचा कुणावर, हा हिशेबच मांडता येत नाही. ज्यांच्या पादुका पुढं चालल्या आहेत, त्यांनी तर कर्जखतंच इंद्रायणीत सोडली होती म्हणतात.

पालखी सराटीकडं गेली की गाव अचानक धडधाकट होतं. कुणाला काही टोचत नाही, कुणाचं काही तुटत नाही. पैसे फोनवरून जातात, पत्ता फोन सांगतो, पेनाची जागा बोटानं घेतली. काळ ओळखून गुरुजींनी डाव्या खिशात चार्जिंगची वायरही घातली आहे. तिला तीन तोंडं आहेत, अजून एकही पोटाला लागलेलं नाही. "हल्ली कुणी काही मागतच नाही हो," असं ते म्हणतात, तेव्हा समाज सुधारल्याचा आनंद त्यांच्या आवाजात औषधालाही नसतो.

त्यामुळं बँकेत गाठ पडली, की माझ्या खिशात चांगलं चालतं पेन असूनही मी फॉर्म पुढ्यात घेऊन विचारतो, "गुरुजी, पेन आहे का हो?"