चकलीची जंगम मालमत्ता

आमच्या घरात दिवाळीच्या आधीचा एक रविवार माळ्याचा असतो. मी स्टुलावर चढतो, बायको स्टूल धरते, आई खालून "जपून रे" म्हणते आणि वर्षभर कुणीही न शोधलेल्या वस्तू मी एकेक करून खाली देतो. त्या पुसल्या जातात आणि तितक्याच श्रद्धेने पुन्हा वर जातात. यंदा मात्र स्टूल काढायच्या आधीच बायकोने जाहीर केलं, "माळा राहू दे. आधी त्या मांजराचं काय ते आवरा."

'त्या मांजराचं' हे शब्द नीट ध्यानात घ्या. चकलीला आमच्याकडे येऊन पाच वर्षं झाली. २०२० च्या जूनमध्ये, सगळी डोंबिवली दारं लावून बसलेली असताना, ही खाली पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या आडोशाला भिजत ओरडत होती. मुलांनी तिला वर आणलं. घरात रीतसर बैठक झाली आणि एकमताने ठरलं, की दोन दिवस. पाऊस उघडेपर्यंत. मांजरावर पैसा खर्च करायचा नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. तो ठराव अजून कुणी मागे घेतलेला नाही. त्यामुळे कागदोपत्री चकली पाहुणी आहे आणि तिच्यासाठी आम्ही काहीही विकत घेतलेलं नाही.

हे काहीही न घेतलेलं सामान सकाळी दहा वाजता हॉलमध्ये मांडायला सुरुवात झाली.

साडेपाचशे चौरस फुटांत आम्ही पाच माणसं राहतो. इथे कुणाची वस्तू कुणापासून लपून राहत नाही, असा माझा समज होता. गॅलरीतून मातीचे दोन ट्रे आले. एक वापरातला, एक तडा गेलेला पण 'असू दे' म्हणून ठेवलेला. त्या मातीतलं नको ते उपसायला झारा आला. हा एके काळी आमच्या बुंदीचा झारा होता. त्याच्या दांड्याला बायकोने लाल दोरा बांधून ठेवलाय, म्हणजे चुकूनही स्वयंपाकघरात परतायला नको. सोफ्यामागून काथ्या गुंडाळलेला एक खांब निघाला. चकलीने नखं त्यावर घासावीत, अशी अपेक्षा होती. ती सोफ्यावर घासते. इथपर्यंत सगळं उघड होतं.

मग बायकोने 'प्रत्येकाने आपापल्या कपाटात बघा' असा हुकूम काढला आणि घराची अब्रू चव्हाट्यावर आली. कन्येच्या खणातून घुंगरू लावलेले सात पट्टे निघाले. चिरंजीवांच्या कॉलेजच्या बॅगेतून कापडी उंदीर निघाला. "मित्राने दिला." मित्राच्या घरी मांजर नाही. बायकोच्या कपाटात, पैठणीच्या खालच्या कप्प्यात, न उघडलेल्या पिशवीत मखमली गादी होती. तिच्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती. ती मी वाचली आणि तिने मी वाचताना पाहिली. तो विषय तिथेच संपला.

माझ्याकडून लाल ठिपका पाडणारा एक टॉर्च निघाला. तो मी लोकलमध्ये फेरीवाल्याकडून घेतला होता. ऑफिसच्या सादरीकरणासाठी, असं मी सांगितलं. आमच्या ऑफिसात सादरीकरणं होत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण कळस आईने केला. आमच्या आईने आयुष्यात अंडं फोडलेलं नाही. देव्हाऱ्याखालचा खण पुसताना वातींच्या डब्यामागून एक चकचकीत पाकीट घरंगळलं. त्यावर मांजराचं चित्र होतं आणि मांजराहून मोठं माशाचं चित्र होतं. सगळे आईकडे बघायला लागले. आई शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, ते कंपनीचं चिन्ह आहे."

आईचं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळचं. तिथल्या वाड्यात मांजरं पिढ्यान्‌पिढ्या होती, पण त्यांच्या मालकीचं काही नव्हतं. दुधाला नारळाची करवंटी, तीही फुटली की दुसरी. झोपायला बंबाच्या शेजारची ऊब. बाकी विधींना परसातली राख. मांजराचं सामान आवरणं म्हणजे करवंटी पायाने बाजूला सारणं. "आमच्या वेळी मांजराला मांजरपण होतं," आई म्हणते. म्हणते आणि पाकिटातला माशाचा तुकडा हळूच खाली टाकते.

मांजर राखेवरून मातीवर आलं, त्याला एक माणूस कारण झाला. अमेरिकेत मिशिगन राज्यात एड लो म्हणून एक गृहस्थ होते. कारखान्यात सांडलेलं तेल टिपून घेणारी माती विकायचा त्यांच्या घरचा धंदा. १९४७ सालच्या थंडीत शेजारणीने त्यांच्याकडे मांजरासाठी वाळू मागितली. ती बिचारी तोवर राख वापरत होती आणि घरभर मांजराच्या काळ्या पावलांचे ठसे उठत होते. लो यांनी वाळूऐवजी ती माती दिली. बाईंना आवडली, मांजराला आवडली आणि पुढे त्या मातीचा मोठाच व्यापार झाला. गंमत अशी, की ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच जात. माझी आजी लग्नसराईच्या आधी जी तोंडाला फासायची, तिच्यावर अमेरिकेतल्या मांजरांनी हे केलं. आजीला हे कळलं नाही, ते बरंच झालं.

हल्ली मिळते ती बहुतेक बेंटोनाइटची माती. कच्छमध्ये भरपूर सापडते, पाणी लागलं की फुगते आणि तिचा गोळा होतो. हे ज्ञान मला गाडीत झालं. ठाण्याच्या एका दुकानात स्वस्तात मिळाली म्हणून पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या घेऊन मी संध्याकाळी सहा चाळीसच्या सुमाराला धीम्या गाडीत शिरलो. शिरलो म्हणजे भरला गेलो. कळव्याला एका पिशवीचा कोपरा फाटला. मुंब्र्याला शेजारच्याच्या बुटावर बारीक धार लागली. "काय, बांधकाम काढलंय का?" त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याने वाकून पिशवीवरचं नाव वाचलं आणि एकदम सलगीने म्हणाला, "बेंटोनाइट? अहो, आम्ही पायलिंगला वापरतो हे. खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून." मग दिवा, कोपर करत डोंबिवलीपर्यंत तो मला टॉवरच्या पायाभरणीबद्दल सांगत राहिला. उतरताना त्याने एक पिशवी धरली. ज्या मातीवर घोडबंदर रोडचे टॉवर उभे राहत असतील, तिच्यावर आमची चकली रोज दोनदा बसते, या विचाराने मला उगीचच बरं वाटलं.

घोडबंदर रोडवर माझी ताई राहते. तिच्याकडे लॅब्रेडॉर आहे. त्याच्या सामानाला स्वयंपाकघरामागची अख्खी युटिलिटी दिलेली आहे. पारदर्शक डबे, डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. त्याला पिवळा रेनकोट आहे. भर पावसात तो घालून मेव्हण्यांना फिरवायला नेतो, तेव्हा मेव्हण्यांकडे छत्री असते आणि ती उलटलेली असते. कल्याणच्या वाड्यात करवंटी, डोंबिवलीत तीन खोकी आणि ठाण्यात खोली. आमच्या घराण्याची प्रगती कुणाला मोजायची असेल तर ती मध्य रेल्वेच्या उलट्या दिशेने मोजता येते.

तर सामान मांडून झालं, मग धुणं. चिरंजीवांनी कामाला हात लावायच्या आधी मोबाइलवर वाचून दाखवलं, की एनएसएफ नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेने २०११ साली काही घरांतल्या वस्तू तपासल्या, तेव्हा जंतूंच्या बाबतीत पाळीव प्राण्यांच्या भांड्यांचा नंबर चौथा लागला. "बघ!" बायको म्हणाली. "आणि पहिला भांडी घासायच्या स्पंजचा," तो पुढे म्हणाला. तिच्या हातात स्पंजच होता. तो सरळ कचऱ्यात गेला आणि चकलीच्या भांड्यांसाठी नारळाची शेंडी आली.

पाण्याचं प्लॅस्टिकचं भांडं मुलांच्या अखत्यारीत. त्यातलं पाणी रोज बदललं जातं, म्हणजे जुन्या पाण्यात नवं ओतलं जातं. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. मांजर जीभ घालतं, लाळेतून जंतू जातात आणि ते भांड्याच्या अंगाला धरून आपला थर बांधतात. नुसतं विसळून तो जात नाही. साबण, गरम पाणी आणि मनगट, तिन्ही लागतं. प्लॅस्टिकवर ओरखडे पडले की त्या फटींत तो पुन्हा बसतो. ते भांडं आम्ही निकालात काढलं. तुळशीखाली ठेवायला म्हणून आईने ते परत उचललं.

ट्रे धुवायला मी फिनेलची बाटली काढली. एवढी घाण म्हणजे फिनेल हवंच, हे माझ्यावरचे संस्कार. कन्या अंगावर धावून आली. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. फिनॉलच्या जातीची रसायनं पचवून बाहेर टाकायची जी सोय आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी. मांजर त्या ट्रेमध्ये पाय ठेवणार, मग पाय चाटणार. डांबरगोळ्यांचंही तसंच. म्हणजे मराठी घर ज्या दोन वासांवर उभं आहे, ते दोन्ही मांजराला विष. मी बाटली न्हाणीघरात परत ठेवली. ट्रे साध्या साबणाने धुतला आणि ऑक्टोबरच्या उन्हात पापडांसारखा पालथा घातला. तेवढं ऊन आमच्या गॅलरीत अकरा ते सव्वाबारा असतं. समोर नवी इमारत झाल्यापासून.

ताईने उन्हाळ्यात एक पिशवी दिली होती. तिच्याकडे कुत्र्याचं जुनं झालं की ते आमच्याकडे येतं, जसे पूर्वी भाच्यांचे शर्ट यायचे. त्यात ब्रश होता, चावायचं रबरी हाड होतं (चकलीने त्याचा वास घेतला आणि आमच्याकडे पाहिलं) आणि गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या औषधाच्या नळ्या होत्या. "ह्या वापरून टाकू, तारीख आहे अजून," आई म्हणाली. तारीख असताना वस्तू टाकणं तिला जमत नाही. कन्येने चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. परमेथ्रिन. कुत्र्याला चालतं, मांजराच्या जिवावर उठतं. आईने दोन बोटांनी ती नळी धरली आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच्या लोकरीच्या गुंड्याही उचलून कपाटात वर ठेवल्या. दोरा गिळला की मांजराच्या आतड्यात अडकतो, हे मागे एकदा तिला सांगितलं होतं. तेव्हा तिने ऐकलं नव्हतं, असं आम्हाला वाटलं होतं.

वापरलेली माती ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावर अर्धा तास गेला. ती भिजून घट्ट झालेली असते, म्हणजे धड दोन्ही नाही. शेवटी वर्तमानपत्रात वेगळी पुडी बांधून घंटागाडीवाल्या दादांना सांगून द्यायची, असं ठरलं.

आणि मग वाटी सापडली.

आमच्या लग्नात, १९९८ साली, बायकोच्या मामांनी सहा स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या. प्रत्येकीवर त्यांचं नाव, 'यांजकडून सप्रेम भेट' आणि तारीख. गेली पाच वर्षं त्या पाचच आहेत. सहावी सोसायटीच्या सत्यनारायणात गेली, असं बायकोचं मत होतं आणि तळमजल्यावरच्या एका घराबद्दल तिच्या मनात पक्का संशय होता. दर हळदीकुंकवाला ती त्यांच्या घरच्या वाट्या उलट्या करून बघायची.

चकलीचं खाणं आईकडे. तिची वाटी आई स्वतः मोरीत घासते, कुणाला हात लावू देत नाही. आम्हाला ते सोवळं वाटायचं. वाटी घसरू नये म्हणून तिने जुन्या लुगड्याची चुंबळ करून तिच्यात बसवलेली. चुंबळ धुवायची म्हणून बायकोने वाटी उचलली, उलटी केली आणि तिचे मामा तिला दिसले.

हॉलमध्ये कुणीच बोललं नाही. खाली सोसायटीचा पंप चालू झाला, तो ऐकू आला. मामा आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतात. "पहिल्या दिवशी घाईत हाताला आली ती घेतली," आई म्हणाली. "म्हटलं, दोनच दिवस तर आहे."

बायकोने वाटी धुतली, पुसली, ओट्यावर पाच जणींच्या रांगेत ठेवली. बघितली. परत बाजूला काढली. पाच वर्षं मांजराने चाटलेल्या वाटीत मामांना चिवडा द्यायचा कसा, आणि मामांच्या नावाची वाटी मांजरापुढे ठेवायची कशी? संध्याकाळपर्यंत ती वाटी फ्रिजवर एकटीच होती. चकलीने त्या दिवशी बशीतून खायला साफ नकार दिला.

सोमवारी मी ऑफिसातून आलो तर खोकी लागली होती. एकावर 'खाणं', एकावर 'औषधं', आणि कन्येने तिसऱ्यावर 'इतर' लिहिलं होतं, त्यात सगळंच होतं. आई घरात नव्हती. साडेसातला आली, हातात कापडी पिशवी. स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात ती नवी वाटी आणायला गेली असेल, असं आम्हाला वाटलं. नवी होतीच, पण ती मामांच्या संचात भरती करायला होती. तिच्यावर जुन्या पाचांवरून बघून मामांचं नाव आणि १९९८ ची तारीख जशीच्या तशी घालून घेतली होती.

जुनी वाटीही पिशवीत होती. मामांच्या नावाखाली नवी, ताजी अक्षरं कोरलेली. नाव घालणाऱ्याने तिला विचारलं म्हणे, "आजी, चकली वाटीत कशी मावेल? डब्यावर घाला की." आईने त्याला म्हटलं, "तू घाल, आणि पुढे आडनाव घाल. नुसतं नाव असलं की भांडी हरवतात."

बायकोने ती वाटी दिव्याखाली धरली. चष्मा वर केला, खाली केला. 'चकली' आणि पुढे ठसठशीत आमचं आडनाव. दोनदा वाचून झालं. मग तिने वाटी चुंबळीत बसवली आणि म्हणाली,

"'चि.' राहिलं की हो, आई."