तिसरी खोली, चौथा टँकर

पुण्यात मूल दहावीला गेलं की आई-वडिलांना दोन साक्षात्कार एकदम होतात. मुलाला क्लास लावायला हवा आणि घर लहान पडतंय. क्लासचं चार दिवसांत ठरतं. घराचं ठरेपर्यंत मुलगा इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेलेला असतो.

मग तिसरी खोली कुणासाठी?

हा प्रश्न घरात विचारायचा नसतो.

बजेट एक कोटी. ताणून ताणून एक कोटी पाच. काही वर्षांपूर्वी हा आकडा उच्चारताना आवाज आपोआप खाली यायचा. आता तो ऐकून एजंट फक्त गाडीचा इंडिकेटर बदलतो. कोथरूडला म्हणून निघालेली गाडी भूगावला जाऊन थांबते. आणि तिथे उतरल्यावरही तो म्हणतो, 'हे कोथरूडच धरा.'

जाहिरातींच्या नकाशात सूस नावाचं गाव आता उरलेलं नाही. तिथे 'बाणेर ॲनेक्स' आहे. उंड्रीचं झालं 'एनआयबीएम ॲनेक्स' आणि वाघोलीचं 'अप्पर खराडी'. वाघोली खराडीच्या वर कशी, ते भूगोलाच्या मास्तरांनी सांगावं. दर खराडीच्या खाली आहेत, एवढंच आपल्याला कळतं.

याच नकाशात स्टेशन, विमानतळ आणि आयटी पार्क नेहमी पंधरा मिनिटांवर असतात. खोटं नाही ते. पहाटे चार वाजता मोजलेलं आहे.

एक कोटीत थ्री बीएचके बसत नाही आणि टू बीएचके पुरत नाही, म्हणून बिल्डरांनी अडीच बीएचकेचा शोध लावला. अर्ध्या खोलीत काय मावतं? आजोबांचा पलंग मावतो, पण मग दार लागत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक कुंडी असते. आजोबा नसतात.

आता हिशेब. कोटीच्या, बांधकाम चालू असलेल्या घराला मुद्रांक शुल्क, एलबीटी आणि मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के, म्हणजे सात लाख. नोंदणीचे ३० हजार. जीएसटी पाच टक्के, म्हणजे पाच लाख. बँक देणार ७५ लाख. उरलेले २५ लाख आणि वरचे १२ लाख ३० हजार आपल्या खिशातून. खिसा बहुतेक वेळा बाबांच्या ग्रॅच्युइटीचा. ज्या बाबांच्या वाट्याला अर्धी खोली येणार आहे, त्याच बाबांच्या.

७५ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ६५ हजारांच्या पुढे आणि एकूण व्याज ८१ लाखांवर. मुदलापेक्षा व्याज मोठं. मोठं घर घ्यायला निघालो होतो, मोठं व्याज मिळालं.

परवडणाऱ्या घराला म्हणे जीएसटी एकच टक्का. अट वाचा. पुण्यासारख्या शहरात घर ९० चौरस मीटरपर्यंत चालेल, किंमत मात्र ४५ लाखांच्या आत हवी. ९० चौरस मीटर म्हणजे सुमारे ९६९ चौरस फूट कारपेट. पुण्यात ४५ लाखांत ९६९ फूट कुठे मिळतं, हे सरकारला माहीत असेल तर त्याने पत्ता जाहीर करावा. रांग आम्ही लावू.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. कोटीला लाख वाचतात. फक्त नाव तिचं एकटीचं हवं, नवऱ्याचं जोडीला चालत नाही.

इथे पुष्कळ पुरोगामी नवरे गप्प होतात.

रेरा आला, मे २०१७पासून महाराष्ट्रात कारपेट एरिया सांगणं बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. त्याआधी 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली आपण जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्चीही चौरस फुटांनी विकत घेत होतो. आता करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला की प्रकल्प कधी पूर्ण होणार होता आणि आता कधी होणार आहे, दोन्ही तारखा समजतात. स्कॅन कोण करतं? आपण तो फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो.

खरं म्हणजे आपल्याला तपासायचं असतं भलतंच. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, देवघर ईशान्येला येतंय का, हे मोबाइलमधलं होकायंत्र लावून पाहतो. महापालिकेची पाइपलाइन कुठल्या दिशेने येते आणि कुठल्या चौकात थांबते, हे विचारायचं राहून जातं.

आणि पुण्यात घर महाग की स्वस्त, हे ती पाइपलाइनच ठरवते.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. पावसाळ्यात पुणेकर सकाळी उठून धरणांची टक्केवारी वाचतो आणि शंभर झाली की स्वतःच पास झाल्यासारखा खूश होतो. धरण भरलं म्हणजे नळ भरला, असं कुणी सांगितलं?

जून २०१७मध्ये महापालिकेने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. शेअर बाजारात नोंदणी झाली, फोटो झाले, कौतुक झालं. रोखे घेणाऱ्यांना व्याज. आपल्याला एक दिवसाआडचं वेळापत्रक.

नव्या हद्दीतल्या स्कीमला परवानगी देताना महापालिका बिल्डरकडून हमीपत्र घेते. पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय बिल्डर करेल, असं त्यात असतं. हमी देणारा बिल्डर, घेणारी पालिका, आणि पाणी पिणारा तिसराच. त्याची सही कुठेच नसते. सोसायटी ताब्यात दिली की बिल्डर पुढच्या स्कीमच्या भूमिपूजनाला निघतो, हमीपत्र फाइलमध्ये झोपतं आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये उगवतं. स्वस्तात मिळालेल्या तिसऱ्या खोलीचा हप्ता हा असा दोनदा भरायचा असतो, एकदा बँकेला आणि एकदा टँकरवाल्याला. बँक निदान व्याजदर लेखी कळवते.

बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचं प्रकरण २०१६मध्ये उच्च न्यायालयात गेलं आणि तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांवर न्यायालयाला बंधन आणावं लागलं. ही खुद्द बाणेरची गोष्ट.

'ॲनेक्स'ने काय अपेक्षा ठेवायची?

ऑक्टोबर २०१७मध्ये ११ गावं महापालिकेत आली. ३० जून २०२१ला आणखी २३. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं, म्हणून छाती फुगवून झाली. गाव शहरात आलं की आधी मिळकतकराची पावती येते, मग नगरसेवकाचा फ्लेक्स येतो. ड्रेनेज येईल तेव्हा येईल.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. २०१७ला पालिकेत घेतली, २०२४ला बाहेर काढून दोघांची मिळून वेगळी नगर परिषद केली. तिथे घर घेतलेल्या माणसाने सामान हलवलं नाही, शहरच उठून गेलं. कचरा डेपो तेवढा जागच्या जागी राहिला.

जानेवारी २०२५मध्ये जीबीएस या मज्जासंस्थेच्या आजाराची साथ आली तेव्हा रुग्ण प्रामुख्याने कुठले होते? नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. म्हणजे पुण्याला पाणी पाजणाऱ्या धरणाच्या पायथ्याची वस्ती. धरण उशाला आणि पाणी मात्र शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं जंतुनाशक मारून नळाला. दोष गावांचा नव्हता, तिथे घर घेणाऱ्यांचाही नव्हता. ब्रोशरमध्ये 'लेक व्ह्यू' छापलं होतं आणि खिडकीतून तो दिसतही होता. फिल्टर प्लांट दिसत नव्हता, त्याबद्दल ब्रोशरने काही म्हटलंही नव्हतं.

पाणी कमी ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा २५ जुलै २०२४ला एकतानगरीने पाहिली, तेव्हा मुठा पार्किंग ओलांडून घरात शिरली. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगरपर्यंतच्या लोकांना ओढा म्हणजे काय ते दाखवलं. तेव्हा 'रिव्हर व्ह्यू'चे जादा पैसे मोजण्याआधी निळ्या पूररेषेचा नकाशा मागा. एजंट म्हणेल, असा काही नकाशा नसतो.

पाटबंधारे खात्याकडे असतो.

रस्त्यांबद्दल काय सांगावं? शहराभोवती फिरणारा उच्च क्षमतेचा द्रुतगती मार्ग, म्हणजे एचसीएमटीआर, १९८७च्या विकास आराखड्यात आहे. त्याच्या भरवशावर तेव्हा घर घेणारे आता आजोबा झाले, अर्ध्या खोलीतले. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा व्हायचा होता, जागा मिळेना म्हणून ५० मीटरवर आला. ज्यांनी ८४ मीटरच्या जाहिरातीवर घर घेतलं, त्यांना ३४ मीटरचे पैसे कोण परत करणार? हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं. जाहिरातीत ती दुसऱ्या दिवसापासून धावतेय. पुरंदरचा विमानतळ २०१६मध्ये जाहीर झाला. तिथे आधी प्लॉट उतरले.

धावणारी मेट्रो वेगळी आणि छापलेली मेट्रो वेगळी. धावणारी वनाजहून रामवाडीला जाते आणि पिंपरीहून स्वारगेटला. घर छापलेल्या मेट्रोजवळ असतं.

यावर एजंटकडे रामबाण वाक्य तयार आहे. 'आज लांब वाटतंय साहेब, वीस वर्षांनी हेच सेंटर होईल.' त्याला पुराव्याचीही वाण नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतली माणसं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरला गेली. तेव्हा ते गावाबाहेर. आज तिथे कोटीत काय मिळतं ते विचारून बघा. म्हणजे एजंट बरोबरच म्हणतो. वीस वर्षांनी होईल सेंटर. तोवर कर्ज संपलेलं असेल आणि गुडघेही.

तर मग घ्यावं कुठे?

जुन्यात. सहकारनगर, बिबवेवाडी, कर्वेनगर, औंध, कोथरूडचा आतला भाग. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन मजली सोसायट्या बघाव्यात. लिफ्ट नाही. पार्किंगवरून वार्षिक सभेत भांडणं. जिन्यात 'चपला बाहेर काढाव्यात, बाहेर म्हणजे खाली' अशी पाटी. स्विमिंग पूल नाही, क्लब हाउस नाही. पण नळाला पाणी आहे, कोपऱ्यावर किराणा आहे आणि पीएमपीचा थांबा पायी गाठता येतो. स्विमिंग पूल असलेल्या सोसायटीत टँकर येतो, हे तुम्हीही पाहिलं असेलच.

शिवाय रीसेलच्या घराला जीएसटी नाही. ते पाच लाख वाचले की दोन्ही बाथरूम नवी होतात. भोगवटा प्रमाणपत्र बघा, जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे झालंय का ते बघा, बँक एवढ्या जुन्या इमारतीवर कर्ज देते का ते टोकन देण्याआधी विचारा. रीडेव्हलपमेंटच्या गप्पा ऐका, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्या गप्पा प्रत्येक जुन्या सोसायटीत चालतात आणि चिवडा संपला की संपतात.

बेडरूम एक कमी मिळेल. दिवसाचे दोन तास जास्त मिळतील. 'पण पाहुणे आले तर?' असं सासूबाई विचारतील. भूगावच्या पलीकडे घर घेतलं तर पाहुणे येतात, असं त्यांना कुणी सांगितलं?

आणि तरीही तिसरी खोली हवीच असेल, तर निदान एवढं करा. एजंट साइट दाखवायला रविवारी सकाळी नेतो. तुम्ही मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला, स्वतःच्या गाडीने जा. मॉडेलभोवती फिरणाऱ्या सेल्सवाल्याकडे जाऊ नका. शेजारच्या, दोन वर्षांपूर्वी पझेशन मिळालेल्या स्कीमच्या गेटवर थांबा आणि वॉचमनला विचारा, रोज किती टँकर आत येतात. एखादा असेल तर पुढचं बोला. चौथा मोजायची वेळ आली, तर तिथूनच गाडी वळवा.

वळवायला रस्त्यात जागा असेल तर.